कीश, कीस नव्हे: घरच्या ओटीजीत पहिल्यांदा करताना

पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदा कीश करायला घेतली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कशाचा कीस? बटाट्याचा की रताळ्याचा?" संकष्टी होती, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. मी "अंड्याची" म्हणाले आणि बेत मुकाट्याने दुसऱ्या दिवसावर ढकलला.

त्याआधी दोन वर्षं आम्ही नान्सीत होतो. ईशान्य फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातलं हे शहर, आणि कीश तिथलीच. आपल्याकडे वडापाव घ्यावा तसा तिथे लोक बेकरीतून कीशचा त्रिकोणी तुकडा घेतात आणि चालता चालता खातात. लॉरेनवर जर्मन भाषेची सावली जुनी आहे. जर्मनमध्ये केकला 'कुखन' म्हणतात आणि त्याच्याच बोलीतल्या रूपावरून 'कीश' आलं, असं मानतात. स्पेलिंग (quiche) पाहून पुष्कळजण 'क्विच' म्हणतात. दुकानात काहीही म्हणा, पदार्थ तोच मिळेल.

कीश म्हणजे मैद्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात सारण, आणि त्यावर अंडी-क्रीमचं मिश्रण ओतून मंद आचेवर जमवलेलं. वाचायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या चार कीश बिघडल्या. त्यातल्या तीन पाण्याने बिघडल्या: एकीत मशरूमचं पाणी, एकीत पालकाचं, आणि एकीत जास्त भाजल्यामुळे अंड्यातून सुटलेलं. चौथी विजेने घालवली. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे दोन वर्षांत मी विसरले होते. खालची सगळी खटपट वाटी कोरडी ठेवण्यासाठी आहे, एवढं ध्यानात ठेवलंत तर कुठली पायरी गाळता येते आणि कुठली नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी चीजचा वाद

लॉरेनच्या जुन्या पद्धतीच्या कीशमध्ये चीज नसतं. अंडी, क्रीम आणि डुकराच्या खारवलेल्या, धुरावलेल्या मांसाचे बारीक तुकडे, संपलं. अंडी-क्रीमच्या मिश्रणाला तिथे 'मिगेन' म्हणतात. आमच्या घरमालकीणबाईंना मी एकदा कौतुकाने चीज घातलेली कीश नेऊन दिली. त्यांनी ती खाल्ली, छान आहे म्हणाल्या, आणि मग शांतपणे सांगितलं की ही लॉरेनची नाही, ही व्होजच्या डोंगराळ भागातली. चीज घातलं की 'व्होजियेन', कांदा घातला की 'आल्सासियेन' म्हणजे शेजारच्या आल्सास प्रांतातली, असा तिथला हिशेब आहे. पुरणपोळीत गूळ की साखर, यावर आपल्याकडे जेवढं गंभीर बोलणं होतं, तेवढंच ते गंभीर.

आपण इथे कांदा, मशरूम आणि चीज अशी कीश करतोय. म्हणजे व्होज आणि आल्सास दोन्हीकडचे लोक थोडे नाराज होतील.

साहित्य (२३ सेंमी म्हणजे ९ इंची साच्यासाठी, ६ तुकडे)

वाटीसाठी:
- मैदा २०० ग्रॅम
- बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, फ्रीजमधून काढलेलं, घट्ट
- मीठ अर्धा चमचा (खारं पिवळं बटर वापरलंत तर मीठ अजिबात नको)
- बर्फाचं पाणी ३ ते ४ मोठे चमचे

सारणासाठी:
- कांदे २ मोठे
- मशरूम २०० ग्रॅमचा एक डबा
- लोणी किंवा तेल १ मोठा चमचा
- चीज १२० ग्रॅम

मिगेनसाठी:
- अंडी ३
- फ्रेश क्रीम २०० मिली
- फुल क्रीम दूध १०० मिली
- मिरपूड, जायफळ, चवीपुरतं मीठ

भांडीकुंडी

तळ सुटा निघणारा, कडेला चुण्या असलेला टार्टचा साचा, साधारण ३ सेंमी उंच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि पुण्यात रविवार पेठेत बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. नसेल तर केकचा गोल डबा चालतो, फक्त कीश अख्खी बाहेर काढता येणार नाही, डब्यातच कापावी लागेल. याशिवाय वजनकाटा, बटर पेपर, लाटणं, अर्धा-पाऊण किलो हरभरे किंवा राजमा, आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर. हा थर्मामीटर चैन नाही. का, ते पहिल्याच पायरीत.

१. ओटीजीशी ओळख करून घ्या

बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असतंच असं नाही. माझा ओटीजी २५ अंशांनी जास्त तापतो, हे मला दोन केक करपवल्यावर कळलं. रिकामा ओटीजी १८० वर लावा, थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा आणि वीस मिनिटांनी वाचा. जेवढा फरक येईल तेवढा कायमचा लक्षात ठेवा. मध्येच सळ्या विझतात आणि परत लाल होतात, ते बरोबर आहे, बिघाड नाही.

वरची आणि खालची दोन्ही सळ्या चालू ठेवा, साचा खालून दुसऱ्या खाचेत. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड असेल तर त्यातही कीश होते. मात्र धातूचा साचा फक्त कन्व्हेक्शनमध्येच, आणि तोही कंपनीच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तरच.

२. पीठ: कणीक मळणारा हात विसरा

ज्यांचा पोळ्यांवर हात बसलाय त्यांचं इथे चुकतं. कणीक आपण मळून मळून मऊ, लवचीक करतो, कारण पोळी ताणली जायला हवी. इथे तोच ताण शत्रू आहे. मैदा पाण्यात जितका मळाल तितकं ग्लूटेन तयार होईल, वाटी चिवट होईल आणि भाजताना आक्रसून साच्याच्या कडेवरून खाली घसरेल.

शंकरपाळी आठवा. मोहन घातल्यावर पिठाचा मुटका वळतो का, ते आपण पाहतोच. इथेही तसंच, फक्त मोहन कडकडीत नाही तर थंडगार. लोण्याचे बोराएवढे तुकडे करून मैदा-मिठात टाका आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळा. तळहात लावू नका, तो गरम असतो. जाडसर रव्यासारखं दिसायला लागलं आणि मध्ये मध्ये वाटाण्याएवढे लोण्याचे खडे राहिले की थांबा. ते खडे हवेतच. भाजताना ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाटीला पापुद्रे सुटतात.

मग बर्फाचं पाणी एकेक चमचा शिंपडत पीठ फक्त गोळा करा. मळू नका. तीन चमच्यांत मुटका वळला तर चौथा घालू नका. गोळा थोडा भेगाळ, ओबडधोबड दिसेल. दिसू द्या. थापून चपटा करा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवा. मी आदल्या रात्रीच करून ठेवते.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी सात वाजता करा. परात आणि मैदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घ्या. दुपारी पुण्या-नागपुरात लोणी हातात घेण्याआधीच वितळतं आणि पिठाचा चिखल होतो.

युरोपात राहणाऱ्यांसाठी कानात सांगते: फ्रान्समध्ये रोजच्या स्वयंपाकात कोणी हे करत नाही. सुपरमार्केटात लाटून, गुंडाळून ठेवलेली २३० ग्रॅमची तयार 'पात ब्रिझे' मिळते. ती आणा, साच्यात बसवा आणि सरळ चौथ्या पायरीवर जा.

३. लाटून साच्यात बसवणं

पोळपाट पुरत नाही, कारण गोल ३० सेंमीचा हवा. ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून लाटा. थालीपीठ थापायला जशी दुधाची पिशवी वापरतो तसंच, फक्त मोठा कागद. जाडी ३ मिलिमीटर, म्हणजे भाकरीपेक्षा पातळ, पोळीपेक्षा जाड.

वरचा कागद काढा, पोळी साच्यावर उलटी टाका, दुसरा कागद सोलून काढा. आता पोळी उचलून उचलून कोपऱ्यात सोडा, ताणून दाबू नका. ताणलेलं पीठ भाजताना हमखास परत जागेवर येतं. कडेवरून लाटणं फिरवलं की जादाचं पीठ कापलं जातं. त्यातलं लिंबाएवढं बाजूला ठेवा, वाटीला भेग पडली तर डागडुजीला लागेल. तळाला काट्याने टोचे मारा आणि साचा वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

४. कोरं भाजणं

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. गाळलीत तर खाली कच्च्या मैद्याची लापशी मिळेल. ओलं मिश्रण कच्च्या पिठावर ओतल्यावर ते पीठ भाजलं जात नाही, वाफवलं जातं.

ओटीजी खराखुरा १९० अंशांवर येऊ द्या. वाटीत बटर पेपर चुरगाळून बसवा आणि हरभरे कडेपर्यंत भरा. तळाशी मूठभर टाकून भागत नाही, कडांना आधार हरभऱ्यांचाच असतो. १८ ते २० मिनिटं भाजा. कागदाची टोकं धरून हरभरे काढा आणि मोकळी वाटी आणखी ८ ते १० मिनिटं भाजा, तळ कोरडा आणि फिका बदामी होईपर्यंत.

भेग दिसली तर राखून ठेवलेलं पीठ बोटाने हलकेच भरा. मग एका अंड्याचा थोडा फेटलेला पांढरा बलक तळावर ब्रशने लावा (तीन अंड्यांतलाच चमचाभर घ्या) आणि दोन मिनिटं परत आत ठेवा. गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात ना, तेच काम.

हे हरभरे नंतर कितीही भिजवले तरी उसळ होत नाही. बरणीवर चिठ्ठी लावून ठेवा. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, आणि कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या.

५. सारण: पाणी इथेच संपवा

कांदे उभे पातळ चिरून लोण्यात मंद आचेवर २५ मिनिटं परता. भजीसारखे करकरीत तळायचे नाहीत. ते मऊ, सोनेरी, गोडसर व्हायला हवेत. घाई झाली तर कडा करपतात आणि मध्ये पाणी राहतं.

मशरूम वेगळ्या कढईत, मोठ्या आचेवर, सुरुवातीला मिठाशिवाय. आधी भरपूर पाणी सोडतील, कढईत आमटी झालीय असं वाटेल. परतत राहा. पाणी आटतं, मग मशरूम तडतडायला लागतात, मग रंग येतो. तो तडतडण्याचा आवाज आल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही. शेवटी चिमूटभर मीठ.

पालक घालायचा असेल तर परतून, गार करून, मुठीत घट्ट पिळा. पिळून झाला असं वाटलं की आणखी एकदा पिळा. टोमॅटो पहिल्या वेळी नकोच.

सारण पूर्ण गार होऊ द्या.

६. चीज कोणतं

तिथे ग्रुयेर, कोंते किंवा एमेंटाल घालतात. आपल्याकडे ग्रुयेर आणि कोंते मिळतात, पण भाव पाहून कीशची हौस फिटते. शिवाय या दोन्ही चीजमध्ये पारंपरिकरीत्या वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध जमवणारं द्रव्य, वापरतात. अंडं खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या घरात हे आधी सांगितलेलं बरं. भारतीय कंपन्यांचं हिरवा ठिपका असलेलं गौडा घ्या. छान वितळतं, थोडं गोडसर असतं, कांद्याशी जमतं. मी ८० ग्रॅम गौडा आणि ४० ग्रॅम चेडार घेते. चेडार चवीला, गौडा पोताला.

सँडविचचे क्यूब आणि स्लाइस हे प्रोसेस्ड चीज. त्यात वितळताना एकसंध राहावं म्हणून क्षार घातलेले असतात, त्यामुळे कीशमध्ये ते रबरी आणि खारट लागतं. दुसरं काही नसेल तर ८० ग्रॅमच घ्या आणि मिश्रणात मीठ घालू नका. मोझरेला तार सोडतं आणि पाणीही. पनीर वितळतच नाही. आणि चीज दुप्पट केलं की कीश दुप्पट चांगली होते, हा समज मीही बाळगून होते. चीजचं तूप वर तरंगतं, बाकी काही होत नाही.

चीज किसून घ्या. (सासूबाईंसाठी: हो, इथे कीस आहे.)

७. मिगेन

हिशेब सोपा: एका अंड्याला १०० मिली पातळ पदार्थ. आपल्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, तिकडच्या क्रीममध्ये ३० च्या वर. म्हणून मी दूध अर्ध्यावर नेत नाही, एक तृतीयांशच ठेवते. तिथलं क्रीम किंचित आंबट असतं. ती चव हवी असेल तर एक मोठा चमचा चक्का फेटून घाला.

अंडी काट्याने मोडा, क्रीम-दूध घाला, एकजीव करा. फेस आणू नका. फेसामुळे कीश ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर काढल्यावर खचते. भरपूर मिरपूड, जायफळ किसून चिमूटभर, आणि चीजचा खारटपणा लक्षात घेऊन अगदी पाव चमचा मीठ. हळद नको. हिरवी मिरची एखादी चालेल, पण पहिली कीश तिच्याशिवाय करून बघा, जायफळ नीट कळतं.

८. भरणं आणि भाजणं

ओटीजी १७० अंशांवर आणा आणि आत एक लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा ट्रे तापत ठेवा. साचा त्यावर ठेवला की तळाला लगेच उष्णता लागते. सुट्या तळातून काही गळलं तर तेही ट्रेवरच राहतं.

वाटीत आधी अर्धं चीज, मग कांदा-मशरूम, मग उरलेलं चीज. साचा ओव्हनमधल्या तापलेल्या ट्रेवर ठेवून मगच मिश्रण ओता. भरलेला साचा ओट्यापासून ओटीजीपर्यंत नेताना निम्मं मिश्रण कडेवरून वाटीच्या मागे जातं, आणि मग ती साच्याला चिकटून बसते. कडेच्या खाली अर्धा सेंमी मोकळा राहू द्या. थोडं मिश्रण उरलं तर उरू द्या, ऑम्लेट करा.

३५ ते ४० मिनिटं. पण घड्याळापेक्षा हलवून पाहा. तिसाव्या मिनिटाला साचा हळूच हलवा. कडेचा भाग जमलेला आणि मधला वाटीएवढा भाग खरवसासारखा थरथरणारा, हे झाल्याचं लक्षण. पूर्ण लाटा उठत असतील तर अजून पाच मिनिटं. अंडी-दुधाचं मिश्रण साधारण ८० अंशांना जमतं, ८५ च्या पुढे गेलं की फाटतं: अंडं आवळतं, छिद्रं पडतात, पाणी सुटतं. मधोमध घट्ट होईपर्यंत थांबलात तर तुम्ही भुर्जी भाजताय. बंद केल्यावरही आतली उष्णता मधला भाग जमवत राहते.

वरून रंग आला आणि मध्ये कच्चं असेल तर वरची सळी बंद करा किंवा फॉईल सैल झाका.

९. थांबा, मग कापा

वास सुटलेला असतो, घरचे ताटल्या घेऊन उभे असतात. तरीही अर्धा तास जाळीवर ठेवा, खालून हवा लागू द्या. गरम कापलीत तर मिश्रण वाहतं आणि वाफ वाटीत मुरते. कीश कोमटच चांगली लागते. नान्सीत ती लेट्यूसच्या पानांबरोबर देतात, पानांवर मोहरीची पेस्ट, व्हिनेगर आणि तेल फेटून घातलेलं. आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीबरोबर खपते. केचप मुलं मागतात, मी देते.

तरीही बिघडली तर

- तळ ओला: साचा ट्रेवर, फक्त खालची सळी, १० मिनिटं. थोडं सुधारतं, पूर्ण नाही. पुढच्या वेळी कोरं भाजणं वाढवा.
- कडा खाली घसरल्या: पीठ ताणलं किंवा फ्रीझर गाळला.
- वाटी दगड झाली: पाणी जास्त, मळणं जास्त.
- कापल्यावर ताटलीत पाणी: भाज्या ओल्या, नाहीतर जास्त भाजली गेली. मधोमध छिद्रं दिसली तर दुसरं कारण.

अंडं न खाणाऱ्यांनी काय करावं, हे मला वरचेवर विचारतात. क्रीम, दूध आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर शिजवून घट्ट केलेला व्हाइट सॉस वाटीत भरून भाजला तर रुचकर टार्ट होतो. त्याला कीश म्हणू नका एवढंच. थरथर अंड्याचीच.

उरलेली कीश गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको, आत अंडं आणि क्रीम आहे. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, वाटी ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. ओटीजीत १६० वर १२ ते १५ मिनिटं पुरतात. जाड तळाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर ठेवली तर तळ परत कुरकुरीत होतो. ही युक्ती सासूबाईंची. आता त्या स्वतःच विचारतात, गुरुवार सोडून कधी करतेस म्हणून.